नव्या संचात

(बी. ए., द्वितीय वर्ष)

नाटकाच्या जाहिरातीत दोन शब्दप्रयोग हमखास आढळतात. एक ‘मूळ संचात’ आणि दुसरा ‘नव्या संचात’. पहिला अगदी छातीठोकपणे छापलेला असतो. दुसरा छापताना मात्र त्याच्याजवळ ‘नव्या जोमात’ असे आणखी दोन शब्द बसवून त्याला धीर द्यावा लागतो. जणू नवा संच म्हणजे थोडा हलक्या प्रतीचा माल, आणि तो खपवायचा तर मापावर मूठभर जास्त टाकायला हवे! प्रेक्षकही तसेच समजतो. ‘त्या वेळची मंडळी आता कुठे राहिली?’ हे वाक्य आपल्या झाडीपट्टीत मंडईच्या रात्री शेकोटीभोवती जितक्या वेळा ऐकू येते तितके दुसरे कोणतेही येत नसेल.

या समजुतीविषयीच मला चार शब्द लिहावयाचे आहेत. माझे म्हणणे थोडक्यात असे की, ज्याला आपण मूळ संच म्हणतो तो बहुतेक वेळा मूळ नसतोच. तो दुसरा, तिसरा, क्वचित पाचवाही असतो. आपण ज्या वयात तो पाहिला त्या वयामुळे तो आपल्याला मूळ वाटतो. ही समजूत नुसती गप्पांपुरती राहिली असती तर तिच्यावर लेख लिहिण्याचे कारण नव्हते. पण तिच्यापायी नव्या माणसाला आत घ्यावयाचे नाही असे ठरू लागले, म्हणजे मंडळीची मंडळी बुडते. म्हणून तिचा विचार करणे भाग आहे.

पहिले उदाहरण दुरून घेतो, म्हणजे कोणाला लागणार नाही.

वसतिगृहातील माझा खोलीसोबती इंग्रजी गाण्यांचा शौकीन आहे. त्याच्या मोबाईलवर ‘पॉप-पंक’ नावाच्या प्रकारातील गाणी सुरू असतात. तीन-चार वाद्ये, धावती चाल, ओरडून म्हटलेले पण चटकन तोंडात बसणारे गाणे, आणि विषय म्हणाल तर पोरवयातले प्रेम, कंटाळा व घरच्यांशी भांडण. या प्रकारात ‘ब्लिंक-१८२’ नावाचा एक प्रसिद्ध वाद्यवृंद आहे. अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात, सॅन डिएगो शहराजवळच्या पोवे या गावी १९९२ साली तो सुरू झाला. तेव्हा त्यात तिघे जण होते : गिटार वाजवून गाणारा टॉम डिलाँग, बेस वाजवून गाणारा मार्क हॉपस आणि ड्रम वाजवणारा स्कॉट रेनर. नाव नुसते ‘ब्लिंक’ होते. त्याच नावाचा एक वृंद आयर्लंडमध्ये निघाला म्हणून पुढे १८२ हा आकडा जोडावा लागला.

१९९८ मध्ये दौरा चालू असतानाच रेनर बाहेर पडला आणि त्याच्या जागी ट्रॅव्हिस बार्कर आला. दुसऱ्याच वर्षी, १९९९ मध्ये, त्यांची जी ध्वनिमुद्रिका निघाली तिने त्यांना जगभर पोचवले. २००५ मध्ये तिघांचे बिनसले व काम थांबले. २००८ मध्ये बार्कर विमान अपघातातून वाचला, आणि २००९ मध्ये तिघे पुन्हा एकत्र आले. २०१५ मध्ये डिलाँग गेला. त्याच्या जागी दुसऱ्या एका वृंदातला मॅट स्किबा हा गायक आला. स्किबाच्या काळात निघालेली २०१६ ची ध्वनिमुद्रिका अमेरिकेच्या यादीत पहिल्या क्रमांकावर गेली. तरीही ऐकणारे समाधानी नव्हते. ‘खरा संच आणा,’ असा त्यांचा धोशा होता. २०२१ मध्ये हॉपस कर्करोगाने आजारी पडला, त्यातून बरा झाला, आणि ऑक्टोबर २०२२ मध्ये डिलाँग परत आला. तेव्हा माझ्या सोबत्यासारख्या हजारो मुलांना आनंद झाला, की मूळ संच परत आला!

आता यातील गंमत पाहा. परत आलेल्या तिघांत ड्रम वाजवणारा होता बार्कर, म्हणजे १९९८ मध्ये नव्याने आलेला माणूस. मूळचा रेनर कोणाच्या लक्षातही नव्हता. आरंभीची सहा वर्षे ज्याने ताल धरला तो मूळ संचातून गळला, आणि जो ‘बदली’ म्हणून आला तो मूळ ठरला. मी हे सोबत्याला सांगितले तेव्हा तो क्षणभर गप्प झाला व म्हणाला, “पण मी ऐकायला लागलो तेव्हा तोच होता ना!” मूळ संच या शब्दाची याहून नेमकी व्याख्या माझ्या वाचनात नाही.

हे सातासमुद्रापलीकडचे झाले. आपल्या मराठी मुलखातही एके काळी गाणारी-वाजवणारी मंडळी अशीच गावोगाव फिरत होती आणि तिच्यामागे तरुण मुले वेडी होती. ती म्हणजे संगीत नाटक कंपन्या. त्यांचा इतिहास आपण अभ्यासक्रमात नाटककारांच्या अंगाने वाचतो. तोच इतिहास संचाच्या अंगाने वाचून पाहिला तर वेगळे काही दिसते.

किर्लोस्कर नाटक मंडळी म्हटले की आपल्यापुढे बालगंधर्व उभे राहतात. वास्तविक अण्णासाहेब किर्लोस्करांनी ‘शाकुंतल’चा पहिला प्रयोग केला तो ३१ ऑक्टोबर १८८० रोजी, पुण्यास. अण्णासाहेब वारले नोव्हेंबर १८८५ मध्ये. नारायण श्रीपाद राजहंस यांचा जन्मच मुळी १८८८ चा. ते मंडळीत आले १९०५ मध्ये, म्हणजे मंडळी सुरू झाल्यानंतर २५ वर्षांनी. ज्यांनी मंडळी काढली त्यांनी बालगंधर्वांना पाहिले नाही, आणि बालगंधर्वांनी त्यांना पाहिले नाही.

मग मूळ संच कोणता? बालगंधर्वांच्या आधी लोक भाऊराव कोल्हटकरांचे वेड घेऊन बसले होते. पण भाऊरावही १८८० च्या संचात नव्हते. ते आले १८८२ मध्ये. पहिली शकुंतला झाले होते शंकरराव मुजुमदार. भाऊरावांचा आवाज मंडळीला लाभला आणि शकुंतलेची भूमिका त्यांच्याकडे गेली. अशा वेळी माणूस काय करतो? आपल्या गावी तर तो रुसून घरी बसतो आणि दुसऱ्या दिवसापासून नव्या मंडळाची पावती-पुस्तके छापून आणतो. मुजुमदार मंडळीतच राहिले. पुढे त्यांनी कंपनीचा कारभार पाहिला, ‘रंगभूमि’ मासिक चालवले आणि अण्णासाहेबांचे चरित्रही लिहिले. आज किर्लोस्करांविषयी आपल्याला जे ठाऊक आहे त्यातला मोठा भाग या भूमिका सोडणाऱ्या माणसाने लिहून ठेवल्यामुळे ठाऊक आहे. ही गोष्ट मला फार मोलाची वाटते.

भाऊराव स्वतःही एका जागी बसून राहिले नाहीत. स्त्रीभूमिका गाजवून झाल्यावर ते पुरुषभूमिकांकडे वळले. १८९९ मध्ये देवलांचे ‘शारदा’ आले तेव्हा ते कोदंड झाले. १९०१ मध्ये ते वारले. तेव्हाही लोक म्हणाले असतील, की आता किर्लोस्कर मंडळी संपली. तशी ती संपली नाही. नानासाहेब जोगळेकर नायक झाले, बालगंधर्व आले, आणि १९११ मध्ये ‘मानापमान’ झाले. त्याच वर्षी जोगळेकरही गेले.

पुढे १९१३ मध्ये बालगंधर्व, गणपतराव बोडस आणि गोविंदराव टेंबे यांनी बाहेर पडून गंधर्व नाटक मंडळी काढली. किर्लोस्कर मंडळीवर हा मोठाच घाला होता. पण रिकाम्या झालेल्या जागेवर एक कोवळा मुलगा आला, दीनानाथ मंगेशकर त्याचे नाव. जागा रिकामी झाली नसती तर तो मुलगा एवढ्या लवकर पुढे आला असता काय? तोही १९१८ मध्ये चिंतामणराव कोल्हटकर व कृष्णराव कोल्हापुरे यांच्यासह बाहेर पडला आणि बळवंत संगीत मंडळी निघाली. म्हणजे एका मंडळीतून फुटून दोन झाल्या, आणि मराठी माणसाला गाणे दुप्पट मिळाले. फूट ही नेहमीच वाईट असते असे नाही. धानाचे परे एकाच वाफ्यात दाटीने ठेवले तर पिवळे पडतात. ते उपटून दुसऱ्या बांधीत रोवावेच लागतात.

मात्र सगळ्याच मंडळ्या सारख्या टिकल्या नाहीत, आणि का टिकल्या नाहीत हेही पाहिले पाहिजे.

गंधर्व मंडळीचे वैभव काय वर्णावे! ‘स्वयंवर’, ‘एकच प्याला’ यांसारखी नाटके, तबल्याला अहमदजान थिरकवाँ, सारंगीला कादरबक्ष. परंतु तीन भागीदारांपैकी टेंबे लवकर बाहेर पडले व त्यांनी शिवराज नाटक मंडळी काढली. नंतर बोडसही गेले. मंडळी एका माणसाची झाली. तो माणूस गंधर्वच होता याबद्दल वाद नाही. पण सारा डोलारा एका गळ्यावर उभा राहिला. कर्ज त्या गळ्यावर, प्रेक्षक त्या गळ्यावर, आणि वय तर कोणाला चुकले आहे! १९३१ पासून बोलपट आले आणि सर्वच नाटक मंडळ्यांना ओहोटी लागली हे खरे. १९३५ मध्ये बालगंधर्व स्वतः ‘धर्मात्मा’ या बोलपटात उतरले. तरीही असे म्हणावेसे वाटते की, बालगंधर्वांनंतर बालगंधर्वांच्या जागी कोण, हा प्रश्न त्या मंडळीत विचारण्याची कोणाची छाती नव्हती. प्रश्नच नाही, तर उत्तर कुठून येणार?

याउलट ललितकलादर्श पाहा. केशवराव भोसले यांनी ती १९०८ मध्ये हुबळीस काढली. केशवरावांचा आवाज म्हणजे प्रत्यक्ष वीज. ८ जुलै १९२१ रोजी मुंबईस टिळक स्वराज्य फंडासाठी दोन्ही मंडळ्यांनी मिळून ‘संयुक्त मानापमान’ केले. केशवराव धैर्यधर आणि बालगंधर्व भामिनी. त्यानंतर तीनच महिन्यांनी, ४ ऑक्टोबर १९२१ रोजी, केशवराव वारले. वय अवघे ३१. कोणत्याही हिशेबाने मंडळी तेथेच मोडायला हवी होती. पण बापूराव पेंढारकर पुढे झाले, आणि १९२२ मध्ये मामा वरेरकरांचे ‘सत्तेचे गुलाम’ घेऊन नव्या विषयांकडे वळले. केशवरावांची नक्कल करीत बसले नाहीत, हे लक्षात घेण्यासारखे आहे. १९३७ मध्ये बापूरावही गेले, मंडळीच्या कामात खंड पडला. परंतु १९४० नंतरच्या काळात त्यांचे चिरंजीव भालचंद्र पेंढारकर यांनी तेच नाव पुन्हा उभे केले. ‘दुरितांचे तिमिर जावो’, ‘पंडितराज जगन्नाथ’ ही नाटके या तिसऱ्या पिढीच्या संचाची. आमच्या गावातील म्हातारी माणसे ललितकलादर्श म्हणून ज्याची आठवण काढतात तो हा संच. त्यांनी केशवरावांना पाहिलेलेच नाही.

यावरून मला दोन गोष्टी कळतात. पहिली अशी, की मंडळीचे नाव हे एखाद्या पाटासारखे आहे. पाटावर बसणारा उठतो, दुसरा बसतो. पाट मांडलेला राहिला पाहिजे. दुसरी अशी, की नव्याने बसणाऱ्याने जुन्याच्या मांडीचा आकार आपल्या मांडीला देऊ नये. त्याने आपल्या पद्धतीने बसावे. बापूराव केशवराव झाले नाहीत म्हणूनच बापूराव झाले.

येथे कोणी म्हणेल, ‘मग कोणीही आला तरी चालेल असे तुझे म्हणणे आहे काय? आवाजाला, गुणाला काही किंमत नाही?’ तसे माझे म्हणणे नाही. बालगंधर्वांची जागा भरून निघाली नाही, आणि अमेरिकेतल्या त्या पोरांना डिलाँगचाच आवाज हवा होता यातही खोटे काही नाही. माणूस गेला म्हणजे त्याच्यासारखा दुसरा मिळत नाही. परंतु त्याच्यासारखा मिळत नाही म्हणून कोणीच नको, हा न्याय कोणता? घरातला कर्ता गेला म्हणून कोणी शेत पडीक ठेवत नाही.

आता आपल्या घरात येतो. माझे गाव लाखांदूर तालुक्यात. वैनगंगेपलीकडे देसाईगंज, म्हणजे आपला वडसा. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली हे चार जिल्हे मिळून जी झाडीपट्टी, तिची नाट्यनगरी म्हणजे वडसा. दिवाळी झाली, धान कापून झाले, मंडई भरू लागल्या की तेथील कंपन्यांचे प्रयोग सुरू होतात, ते होळीपर्यंत. रात्री सुरू झालेले नाटक पहाटे संपते. मुंबई-पुण्याची व्यावसायिक रंगभूमी प्रेक्षकांच्या नावाने रडत असताना आपल्याकडे शेतमजूर तिकीट काढून रात्रभर मंडपात बसतो, ही अभिमानाची गोष्ट आहे. कुरखेड्याचे परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली तेव्हा सगळ्या झाडीपट्टीला ती आपल्या घरी आल्यासारखी वाटली.

या कंपन्यांत मूळ संच नावाचे काही नसतेच. एका हंगामात जो खलनायक या कंपनीत, तोच पुढच्या हंगामात दुसरीत. गायक बदलतो, तबलजी बदलतो, स्त्री-कलावंत नागपूरहून नव्याने येतात. तरी कंपनी चालते. २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बैलांच्या शर्यतींवर बंदी घातली तेव्हा शंकरपटाच्या निमित्ताने होणाऱ्या प्रयोगांचे काय, हा प्रश्न पडला. डिसेंबर २०२१ मध्ये महाराष्ट्रात शर्यतींना पुन्हा परवानगी मिळाली, पण तोवर २०२० ची टाळेबंदी येऊन गेली होती. एवढे धक्के खाऊनही कंपन्या उभ्या आहेत. कारण माणूस गेला तर माणूस आणायचा, हे त्यांना पोटासाठी शिकावे लागले.

जे कंपन्यांना पोटाने शिकवले ते आमच्या गावच्या हौशी मंडळाला कोणी शिकवले नाही.

आमच्या मंडळाचे नाटक सहा वर्षे झाले नाही. दरवर्षी दिवाळीच्या आधी बैठक होते, चहा होतो, आणि शेवटी कोणीतरी काकाजी म्हणतात, “संच कुठं राह्यला आता?” मग वडश्याची कंपनी ठरवून सगळे घरी जातात. या वर्षी दिवाळीच्या सुट्टीत मी वही घेऊन घरोघर फिरलो आणि विचारले, की हा जो संच राहिला नाही म्हणता, तो होता तरी कोणता? ऐकून मला मोठा बोध झाला. पन्नाशीची माणसे ज्या संचाची वाखाणणी करतात, सत्तरीची माणसे त्याला ‘पोरखेळ’ म्हणतात. सत्तरीच्या माणसांचा संच आणखी आधीचा. आणि त्याच्याही आधी, खडी गंमत व दंडार करणारे जे लोक होते, ज्यांनी बहुधा मंडळ काढले, त्यांपैकी फक्त दोघांची नावे मला मिळाली. बाकीचे ‘तो ढोलकीवाला’, ‘तो नाच्या’, ‘तो टाळकरी’ एवढेच. वाद्य राहिले, माणूस गेला.

माझे वडील त्या मंडळात २० वर्षे तबला वाजवीत होते. त्यांना अक्षरओळख नाही. नाटकाची पदे त्यांनी ऐकून ऐकून पाठ केली, आणि पात्र चुकले तर ठेक्याने त्याला जागेवर आणीत. घरच्या पेटीत जपून ठेवलेली तीन हस्तपत्रके मी वाचली. लेखकाचे नाव आहे, दिग्दर्शकाचे आहे, नायकाचे तर ठळक आहे, बाहेरून आणलेल्या स्त्री-कलावंतांची नावे आहेत, मंडपवाल्याचेही आहे. तबल्यापुढे छापले आहे, ‘गावातील कलावंत’. मी वाचून दाखवले तेव्हा बाबा म्हणाले, “बरोबर तं आहे. गावातलाच आहो ना मी.” त्यांच्या मनात काही नव्हते. माझ्या मात्र आहे. आमच्या घरात वाचता येणारा पहिला माणूस मी, आणि मला वाचता येऊ लागल्यावर बापाचे नाव छापलेले नाही हे कळले.

दुसरी गोष्ट याहून गंभीर आहे. आमच्याच गावची एक विद्यार्थिनी आपल्या महाविद्यालयात शिकते. गेल्या स्नेहसंमेलनात तिने नाट्यपद म्हटले ते आपणा सर्वांना आठवत असेल. सभागृह उभे राहिले होते. यंदाच्या बैठकीत मी सुचवले, की बाहेरून कलावंत आणण्याऐवजी नायिकेची भूमिका तिला द्यावी. तिच्या आईची ना नाही. उत्तर आले, “आपल्या मूळ संचात पोरी नव्हत्या.” खरेच आहे, नव्हत्या. किर्लोस्करांच्याही संचात नव्हत्या. शकुंतला मुजुमदार झाले होते. पण १८८० मध्ये जे नव्हते ते आजही नसावे, असे म्हणायचे तर मग वीजही नको, ध्वनिक्षेपकही नको, टेंभे लावून नाटक करू या! दंडारीत नाच्याचे काम पुरुष करीत, कारण बाईला उभे राहू देत नव्हते. ती परंपरा नव्हती, ती अडचण होती. अडचणीला परंपरेचे कपडे घालून तिला मूळ संच म्हणू नये.

आणि तिसरी गोष्ट आपल्या, म्हणजे शिकणाऱ्या मुलांच्या पदरात पडते. मी पडद्यामागून नाटक वाचून द्यायला तयार आहे असे म्हटले, तर एक जण म्हणाले, “तू आता कॉलेजात गेला, तुझं काय राह्यलं इथं? उद्या नोकरी लागली का चालला.” यात थोडा टोमणा आहे, पण सत्यही आहे. आमच्या गावची तरुण मुले बुटीबोरीच्या कारखान्यांत आहेत, पुण्यात आहेत. संच मोडतो तो फक्त भांडणाने नव्हे. तो एसटीने मोडतो, रेल्वेने मोडतो. मीही उद्या जाईन. नाही म्हणण्यात अर्थ नाही. बाबांनी मला शिकवले ते बांधीत राहण्यासाठी नव्हे. पण जाणारा माणूस संचातून गेला म्हणजे त्याचे देणे फिटले, असे मला वाटत नाही. शंकरराव मुजुमदारांनी भूमिका सोडली, मंडळी सोडली नाही. कारभार पाहिला, इतिहास लिहिला. रंगमंचावर उभे राहणे एवढेच संचात असणे नव्हे.

म्हणून माझ्या मित्रांपुढे व गुरुजनांपुढे तीन साध्या सूचना ठेवतो. त्यांना पैसा लागत नाही.

एक. आपण ज्या गावांतून येतो त्या प्रत्येक गावच्या नाट्यमंडळाची, दंडारीची, खडी गंमतीची वर्षवार नोंद करावी. कोणते वर्ष, कोणते नाटक, कोण कोण उभे राहिले, पेटीवर कोण, तबल्यावर कोण, पडदा कोणी ओढला. साकोलीचे डॉ. हरिश्चंद्र बोरकर यांनी आपल्या बोलीचा व दंडारीचा अभ्यास करून वाट दाखवून ठेवली आहे. त्या वाटेवर प्रत्येकाने आपल्या गावापुरते चार पावले चालावे. मराठी विभागाने एक मोठी वही ठेवली तरी पुष्कळ आहे. परदेशातील एका वृंदात कोणी कोणत्या वर्षी ड्रम वाजवला हे मी येथे बसून सांगू शकतो, आणि माझ्या गावच्या पहिल्या ढोलकीवाल्याचे नाव मला सांगता येत नाही. ही स्थिती आपल्या पिढीने बदलली नाही तर पुढची बदलू शकणार नाही, कारण सांगणारी माणसे तोवर उरणार नाहीत.

दोन. हस्तपत्रकावर सर्वांची नावे छापावीत. ‘गावातील कलावंत’ हा शब्द यापुढे छापू नये. आपल्या महाविद्यालयाच्या स्नेहसंमेलनापासूनच आरंभ करावा. आपल्याही कार्यक्रमपत्रिकेत ‘संगीत साथ : महाविद्यालयीन विद्यार्थी’ असेच असते.

तीन. ज्याला जागा सोडायची आहे त्याने ती दुसऱ्याला शिकवून सोडावी. आणि जागा देताना मुलगा की मुलगी, कोणाच्या घरचा, कोणत्या वस्तीतला, हे न पाहता गळा पाहावा, हात पाहावा, तालमीला वेळेवर येतो की नाही ते पाहावे.

आमच्या मंडळाची पुढील बैठक होळीनंतर आहे. ती विद्यार्थिनी येणार आहे, मी वाचून देणार आहे, आणि तबल्यावर माझे वडील बसायला तयार आहेत; मात्र शेजारच्या वस्तीतल्या एका दहावीतल्या मुलाला जवळ बसवून घेईन, ही त्यांची अट आहे. नाटक होईल की नाही हे आज सांगता येत नाही. काकाजी मंडळी अजून राजी नाहीत. पण झाले तर हस्तपत्रकाचा मजकूर मी लिहिणार आहे. त्यावर ‘नव्या संचात’ एवढेच शब्द असतील. ‘नव्या जोमात’ असे पुढे जोडून त्यांना धीर देण्याची गरज मला वाटत नाही. खाली सगळी नावे असतील, आणि त्यांत तबल्यापुढे दोन.